सतरावा रकाना आणि वटारची गुपितं

सतराव्या रकान्याचा बाप कोण, ते आधी सांगा.

लपून बसू नका. विद्यापीठाच्या कुठल्या तरी थंडगार खोलीत बसून कोणीतरी हा रकाना मानसशास्त्राच्या प्रवेश-अर्जात घुसवला. त्याला नाव आहे, हुद्दा आहे, दारावर पाटी आहे, दर महिन्याला पगार आहे. तो माणूस दोषी आहे, असा सरळ आरोप आहे आणि तो पुराव्यानिशी आहे. त्या एका रकान्यापायी वटार गावात एका सुखी जोडप्यात अबोला झाला, एका निवृत्त कारकुनाने स्वतःचं दुःख टाइप करून आणलं, चांगल्या चार बायकांनी "माझं दुःख काय हलकं आहे का?" म्हणून एकमेकींशी भांडण काढलं, आणि जिने आयुष्यात कोणाची चहाडी केली नाही त्या वसुंधराकडे गाव संशयाने बघू लागलं. चोराला चोर म्हणायला पदवी लागत नाही. लागत असेल तर तिचीही पात्रता कळवा.

वसुंधरा म्हणजे श्रीरंगची बायको. श्रीरंग अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब बघतो, आणि घरामागच्या वाडीत केळी, नारळ नि मोगरा वसुंधरा बघते. दुपारची जेवणं आटोपली की तिच्या ओटीवर आळीतल्या बायका मोगऱ्याच्या कळ्या घेऊन ओवायला बसतात. संध्याकाळी गजरे विरारच्या बाजारात जायचे असतात, त्यामुळे हात थांबवायची सोय नाही. आता ज्यांनी कधी गजरा ओवला नाही त्यांना सांगायला हवं, की या कामात कोणी कोणाकडे बघत नाही. नजर कळीत, बोटं दोऱ्यात. आणि समोरचा बघत नाही म्हटल्यावर माणसाचं तोंड आपोआप सुटतं. जे नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, कन्फेशनमध्ये फादरला सांगताना जे अर्धं गिळलं, ते वसुंधराच्या ओटीवर गजऱ्यागणिक बाहेर पडतं.

वसुंधरा ऐकते. मधूनच "हं" म्हणते. सल्ला देत नाही. वटारमध्ये दुसऱ्याचं ऐकून घेऊन सल्ला न देणारा माणूस पुन्हा शोधायचा तर कबरीत नाहीतर स्मशानात जावं लागेल. आणि जे कानावर पडलं ते तिच्या पोटात जातं, ते तिथेच राहतं. सासूबाई रखमाबाई तर म्हणतात, "हिचा पोट हाय की इहीर? कवा काय वर येतच नाय."

तिची ही कीर्ती पापडीकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक फादर ॲन्सेल्म यांच्या कानावर गेली. शाळेत क्रिकेटचे स्टंप आणि बँडचा फाटका ढोल ठेवायची एक खोली होती. फादरनी ढोल हलवला, दोन खुर्च्या ठेवल्या आणि वसुंधराला म्हणाले, "बाई, आठवड्यातून दोनदा येऊन बसा. मुलांना कोणीतरी ऐकणारं पाहिजे. आम्ही शिक्षक आहोत, आम्हाला ऐकायची सवय नाही."

वसुंधरा पिशवीत कळ्या घेऊन जायला लागली. मुलं यायची, ओवायची, बोलायची. त्यात सातवीतली उन्नती होती. या मुलीने वर्गात कित्येक महिने तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. पहिल्या काही भेटींत ती कळ्या उलट्या ओवत बसली. मग एक दिवस मान वर न करता म्हणाली, "दोरा संपला." वसुंधराने दोरा दिला. त्यानंतर ती बोलायला लागली. काय बोलली ते विचारू नका.

आणि मग वरून नियम आला. नियम नेहमी वरूनच येतात, खालून फक्त अर्ज जातात. मुलांशी बोलायला बसणारी व्यक्ती मानसशास्त्रात एम.ए. तरी हवी, नाहीतर निदान एम.ए.ला प्रवेश घेतलेली हवी. फादर ॲन्सेल्म कपाळ चोळत म्हणाले, "बाई, पदवी मिळेल तेव्हा मिळेल. मला फक्त प्रवेश घेतल्याचा कागद आणून द्या. नाहीतर ही खोली परत स्टंपांना द्यावी लागेल."

एवढीच गोष्ट होती. एक कागद आणायचा, खोली वाचवायची, त्या खुर्चीवर उन्नती बसत राहील असं बघायचं. वसुंधराला वाटलं, त्यात काय एवढं.

तिची मुलगी ऋतिका फोन घेऊन बसली. "मम्मी, यात एम.ए. आहे, एम.एस्सी. आहे. क्लिनिकल, काउन्सेलिंग, इंडस्ट्रियल, स्पोर्ट्स. तुला कुठलं पाहिजे?"

"माणसांचं," वसुंधरा म्हणाली.

माणसांचं असं कुठलंच निघालं नाही. एका विद्यापीठाला पदवीलाच मानसशास्त्र पाहिजे होतं आणि वसुंधरा बी.कॉम. दुसऱ्याला कुठलीही पदवी चालत होती, पण आधी एक पूर्वतयारीची परीक्षा. त्या परीक्षेला बसायला प्रवेश क्रमांक पाहिजे, आणि प्रवेश क्रमांक मिळायला ती परीक्षा. तिसऱ्याची माहितीपुस्तिका तीनदा वाचली तरी आपण पात्र आहोत की नाही ते कळेना. प्रत्येक वाक्यापाशी चांदणी होती आणि खाली तळटिपेत लिहिलं होतं, "अटी लागू." कुठल्या, ते नव्हतं. शेवटी तिने या तिसऱ्याच्याच मदत-क्रमांकावर फोन लावला. पुष्कळ वेळ सनई ऐकल्यावर एक बाई बोलली.

"मॅडम, मी बी.कॉम. आहे. मला चालेल का?"

"तुम्ही अर्ज करू शकता."

"म्हणजे मी पात्र आहे?"

"पात्रता प्रवेशानंतर तपासली जाईल."

"आणि तेव्हा पात्र नाही निघाले तर?"

"प्रवेश रद्द होईल."

"मग आधीच तपासा ना, बाई."

"आधी तुमचा प्रवेशच नसतो ना मॅडम, तपासणार काय?"

वसुंधराने फोन ठेवला. एकेक वाक्य सुटं घेतलं तर बरोबर होतं. सगळी एकत्र धरली की घेरी येत होती. श्रीरंग पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "कदाचित हीच मानसशास्त्राची प्रॅक्टिकल असेल. या सगळ्यातून डोकं शाबूत राहिलं तर प्रवेश."

गावात बातमी पसरली तशी माणसं धीर द्यायला येऊ लागली. एक मावशी हळूच कानाशी येऊन म्हणाली, "वसुंधरा, वेडाचं शिकतेस म्हणे. घरात सगळं ठीक आहे ना?" शेजारचे नरहरीकाका तर पहिल्या दिवसापासून सल्लागार. आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. त्यांना कोणी कागद म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातली कळा येते. "सुनबाई, ज्ञान नंतर बघू," ते म्हणाले. "आधी प्रत्येक कागदाच्या तीन साक्षांकित प्रती कर. भारतात नाकारतात तो माणूस नाही, प्रत."

पदवी आणि आजचा दिवस यांच्यामध्ये वसुंधराच्या शिक्षणात मोठा खंड पडला होता, म्हणून तिला प्रतिज्ञापत्र द्यावं लागणार होतं. वसईला जाऊन ती नोटरीसमोर बसली. त्याने छापील कागद पुढे सरकवला. "सदर कालावधीत मी घरी होते व काहीही करत नव्हते. इथे सही."

वसुंधरा म्हणाली, "अहो, मी वाडी केली. मुलगी वाढवली. सासऱ्यांचं दुखणं काढलं."

"ताई, फॉरमॅट असाच आहे," नोटरी म्हणाला. "काही करत होतो असं लिहिलं तर करत असल्याचा दाखला लागतो. काही करत नव्हतो, याला दाखला लागत नाही. तुमच्याच सोयीचं आहे."

तिने दातओठ खाऊन सही केली. घरी रखमाबाईंनी ऋतिकाकडून तो कागद वाचून घेतला आणि काठी आपटली. "काय करत नव्हती? मंग माझा पाय मोडला तवा तेल कोन लावत होता? त्या नोटरीचा बाप?"

तरीही गाडी पुढे सरकत होती. त्या तिसऱ्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा झाली. वसुंधरा इतक्या वर्षांनी बाकावर बसली. एक प्रश्न मात्र तिला असा सापडला की ती पेपरातच हसली. "समुपदेशकाचे पहिले कर्तव्य कोणते?" चार पर्याय. तिने तिसऱ्यावर खूण केली: समोरच्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे. उत्तर बरोबर होतं. विद्यापीठानेच छापलेल्या उत्तरसूचीत तसं आहे, आणि त्या उत्तराचा गुण तिला मिळालेला आहे. एवढं ध्यानात ठेवा.

परीक्षा पास झाली आणि मुख्य अर्ज भरायची वेळ आली. ऋतिकाच्या फोनला घरात रेंज येत नाही, ओटीवर येते. म्हणून ती भर दुपारी ओटीवर उभी राहून अर्ज वाचत होती, आणि खाली बायका कळ्या ओवत होत्या. सोळा रकाने सुखाने पार पडले.

"सतरा," ऋतिका खणखणीत आवाजात म्हणाली. "'अर्जदाराने आजवर मानसिक आधार दिलेल्या किमान दोन व्यक्तींची उदाहरणे द्यावीत. व्यक्तीचे नाव, समस्येचे संपूर्ण स्वरूप व पडताळणीसाठी संपर्क क्रमांक. किमान तीनशे शब्द.' अरे, सोपं आहे मम्मी! तुझ्याकडे तर अख्खं गाव आहे."

ओटीवरच्या सगळ्या सुया जागच्या जागी थांबल्या. पलीकडच्या घरातल्या क्लेमेंटीनने सुई बोटात खुपसून घेतली आणि "आई गं" म्हणायचंही विसरली. मग एकीला दूध तापत ठेवल्याचं आठवलं, दुसरीला पाहुणे येणार असल्याचं, तिसरीला काहीच आठवेना म्हणून ती नुसतीच उठली. त्या दिवशी विरारला गजरे गेले नाहीत. कळ्या परड्यांतच उमलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराने क्लेमेंटीन आली. पदराखाली शेवग्याच्या शेंगा.

"वसुंधरा, माझा लिहू नको हां बाय."

"नाही गं लिहीत."

"ते मशिनीचं तर मुळीच नको. माझी जाऊ मेली तरी मला सोडायची नाय."

हे मशिनीचं काय, ते वसुंधरा सांगत नाही, तेव्हा इथेही सांगितलं जाणार नाही. एवढंच, की ती शिवणाची मशीन होती. तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली, "वहिनी आहेत काय?" हा निकोलसचा, म्हणजे क्लेमेंटीनच्याच नवऱ्याचा आवाज. क्लेमेंटीन शेंगांसकट स्वयंपाकघरात घुसली.

निकोलस उंबरठ्यावर टोपी चुरगाळत उभा. "वहिनी, ते मी विहिरीवर तुम्हाला बोललो होतो बघा... ते काय विद्यापीठात जाणार आहे? नाय म्हणजे, क्लेमेंटीनला कळलं तर मला घरात पाय ठेवू देणार नाय."

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण पडलं, आणि त्याच्या मागोमाग क्लेमेंटीन बाहेर आली.

"काय कळलं तर?"

"तू इथं काय करते?"

"शेंगा द्यायला आले."

"शेंगा पुढच्या दारानं पण येतात."

"आणि तू कशाला आलास? वहिनीची कुंडली बघायला?"

दोघं तिथेच जुंपले. घरातलं बाहेर सांगतोस, तू काय कमी सांगतेस, मी निदान बाईला सांगितलं, मी काय बुवाला सांगितलं का? दमल्यावर दोघंही एकदम वसुंधराकडे वळले.

"म्हणजे माझा नवरा तुझ्याशी बोलला," क्लेमेंटीन म्हणाली, "आणि तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तुझंही त्याला नाही सांगितलं."

"ते बरोबरच केलंस. पण त्याचं मला सांगायला काय झालं होतं?"

वसुंधराच्या सचोटीला गावाकडून मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र. साक्षांकित प्रत मात्र मिळाली नाही. दोघं एकमेकांशी अबोला धरून घरी गेले. शेंगा क्लेमेंटीनने परत नेल्या.

मग नरहरीकाका आले. वसुंधराने दारातच हात जोडले, "काका, तुमचं काही लिहीत नाही. निर्धास्त राहा."

काकांचा चेहरा पडला. "का? माझ्यात काय कमी आहे?"

त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. "विषय: कौटुंबिक मनस्ताप. संदर्भ: आपल्याशी वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकर्त्यास त्याचा मुलगा धवल व सून रिद्धी यांचेकडून..." असं ते सुरू होत होतं आणि शेवटी सही, दिनांक, सोबत जोडपत्रं. प्रती तीन.

"पहिलं उदाहरण म्हणून हेच टाक," काका म्हणाले. "बाकीच्यांची दुःखं तोंडी आहेत, टिकणार नाहीत. माझं रेकॉर्डवर आहे. आणि विद्यापीठाने पोरांना एखादी नोटीस काढली तर बरंच."

वसुंधराला क्षणभर हायसं वाटलं. हा माणूस स्वतः होऊन परवानगी देतोय. सतराव्या रकान्याचा अर्धा प्रश्न मिटला. मग तिने कागद वाचला आणि घडी घालून काकांच्या हातात परत ठेवला. कारण याच गोष्टीतली रिद्धी एका दुपारी गजऱ्याच्या निमित्ताने ओटीवर येऊन गेली होती, आणि रिद्धीच्या तोंडून हीच गोष्ट ऐकताना त्यात काका काही एवढे गरीब बिचारे नव्हते. परवानगी एकाची होती, दुःखात माणसं तीन होती.

"काका, नाही घालता येणार."

"का?"

"सांगता येणार नाही."

काका ताठ झाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो अर्ज परत पाठवले होते, पण स्वतःचा कधी परत आला नव्हता. "निदान शेरा तरी मार," ते म्हणाले. वसुंधराने मारला नाही. ते दुखावून गेले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले, की वसुंधरा माणसं निवडून घेतेय.

झालं! काल ज्यांना आपलं लिहिलं जाईल याची भीती होती, त्यांना आज आपलं लिहिलं जात नाही याचा राग आला. नळावर चौघी भांडल्या. एक म्हणाली, "माझ्या सासूनं मला काय काय केलं, ते ऐकून ही रडली होती. माझं नाही तर कोणाचं घेणार?" दुसरी म्हणाली, "तुझं काय, तुझ्या सासूला निदान दात नव्हते." रात्रीच्या जेवणाला श्रीरंगसुद्धा भाताची ढेकळं मोडत म्हणाला, "माझं काही लिहितेस का गं?"

"तुम्ही कधी काही सांगितलंत का मला?"

श्रीरंगने बराच विचार केला. "ऑफिसात माझी खुर्ची हलते," तो म्हणाला. "मागचा एक पाय आखूड आहे."

"अजून?"

"अजून काही नाही." आणि तो खरोखरच उदास होऊन उठला. इतकी वर्षं संसार केला आणि विद्यापीठाला दाखवण्यासारखं एक दुःख घरात निघू नये, याचंच त्याला दुःख झालं.

रविवारी ऋतिकाने फोन पुढ्यात घेतला. "मम्मी, आपण खोटं लिहू या. सगळे तेच करतात. एक 'सुमन' करू, एक 'रमेश'. संपर्काला माझा नंबर टाक, मी सुमन म्हणून बोलेन. रडेनसुद्धा."

"ज्यांनी खरं सांगितलं ती माणसं समोर बसलीत आणि मी खोटी माणसं तयार करू?"

"मग उन्नतीचं लिही. नाव बदलून. मम्मी, ते एक उदाहरण वाचलं ना, तर ते लोक तुला घरी येऊन प्रवेश देतील. आणि तिच्याचसाठी चाललंय ना सगळं?"

वसुंधराने फोन हातात घेतला. खरं होतं ते. उन्नतीची गोष्ट लिहिली असती तर दगडालाही पाझर फुटला असता. तिने पहिली ओळ लिहिलीसुद्धा. मग तिला दिसलं, की एखादा साहेब पडताळणीसाठी फोन लावतोय, फोन उन्नतीच्या घरात वाजतोय, आणि जे त्या घराला कळू नये म्हणून ती पोर एवढे महिने मुकी बसली, ते सगळं त्या घरात कोणीतरी उचलून ऐकतंय. तिने एकेक अक्षर पुसलं. उन्नतीची खोली वाचवायला उन्नतीलाच विकायचं? हा व्यवहार करायला बी.कॉम. पुरे होतं, एम.ए. कशाला?

रकान्यात तिने एकच वाक्य लिहिलं. "हे मला विश्वासाने सांगितले आहे, म्हणून सांगता येत नाही." आणि बटण दाबलं. लाल अक्षरं आली. शब्द अपुरे. तिने तेच वाक्य पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. मग तिचं डोकं सणकलं. शाळेत फळ्यावर शिक्षा लिहावी तसं तिने तेच वाक्य लिहीत नेलं, लिहीत नेलं, तीनशे शब्द होईस्तोवर. यंत्राने हिरवी खूण दाखवली. "धन्यवाद. आपला अर्ज परिपूर्ण आहे."

यंत्राला शब्द मोजता येतात, वाचता येत नाहीत. माणसांचं निराळं असतं अशी वसुंधराची समजूत होती.

मुलाखतीला तिघं होते. एक साहेब, एक बाई आणि एक नुसतेच. साहेबांनी सतराव्या रकान्याचं पान उचलून धरलं. "ही थट्टा आहे का?"

"नाही, साहेब. त्यात लिहिलंय तेच आहे."

"पण उदाहरणं कुठे आहेत?"

"माझ्याकडे आहेत. सांगता येत नाहीत."

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्या म्हणाल्या, "सर, तत्त्व म्हणून बघितलं तर बरोबर आहे त्यांचं."

"तत्त्वाला रकाना नाही, मॅडम," साहेब म्हणाले. "रकाना उदाहरणांना आहे."

"साहेब," वसुंधरा म्हणाली, "परीक्षेत तुम्ही विचारलंत, पहिलं कर्तव्य कोणतं. मी गुप्तता म्हटलं. तुम्ही गुण दिलात."

"ती परीक्षा होती."

"आणि हे?"

साहेबांनी नुसत्या बसलेल्यांकडे बघितलं. नुसत्या बसलेल्यांनी घड्याळाकडे बघितलं. "तुम्हाला कळवलं जाईल," साहेब म्हणाले.

कळवलं गेलं. "रकाना क्र. १७ मध्ये तपशील न दिल्याने अर्ज अपूर्ण. सबब अपात्र." पुढे प्रवेश मिळालेल्यांची नावं लागली. म्हणजे त्या सगळ्यांनी कोणाचं तरी नाव, कोणाचं तरी दुःख आणि कोणाचा तरी फोन नंबर लिहून दिला, किंवा सुमन आणि रमेश जन्माला घातले. त्यांतले उद्या खुर्चीवर बसून तुम्हा-आम्हाला म्हणतील, "मोकळेपणाने बोला, इथलं इथेच राहील."

फादर ॲन्सेल्मनी खोलीला कुलूप घालताना वसुंधराकडे बघितलं नाही. "वरून तपासणी आहे, बाई," एवढंच म्हणाले. स्टंप परत आले. ढोल आला.

बातमी गावात आली तेव्हा सगळ्यात आधी नरहरीकाका उठले. त्यांनी निकालाचं पत्र वाचलं, रकाना वाचला, वसुंधराने काय लिहिलं होतं ते वाचलं, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "म्हणजे माझं नाकारलंस ते... बरं, बरं," ते पुटपुटले. मग त्यांनी कागद ओढला. "सुनबाई, एवढे दिवस तू अर्ज केलास. आता आपण माहिती मागवू. माहितीच्या अधिकारात प्रश्न मागे येत नाही. नियम आहे."

"आणि आला तर?"

"तर प्रत आहे ना."

प्रश्न एकच होता. त्याच्याखाली सह्या घ्यायचा हट्ट काकांचा. ओटीवर आळीतल्या बायका आल्या, त्यांचे नवरे आले, आणि प्रत्येकाने सहीच्या वर तेच वाक्य लिहिलं: "आम्ही हिला काय सांगितलं, ते आम्हीही सांगणार नाही." रखमाबाईंनी अंगठा दिला. श्रीरंगने सही करून कंसात लिहिलं, "खुर्चीबद्दल." क्लेमेंटीनने सही केली, पेन निकोलसच्या अंगावर टाकलं आणि इतक्या दिवसांत त्याच्याशी पहिला शब्द बोलली: "कर."

आणि त्या गर्दीत फाटकापाशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. मुलगी उन्नती. आई म्हणाली, "शाळेतली खोली बंद झाली म्हणून तुमचं घर विचारत विचारत हिला घेऊन आले. जरा वेळ बसली तर चालेल का?"

वसुंधराने परडी पुढे सरकवली. गर्दी आपोआप पांगली. उन्नतीने सुई ओवली, कळी सरळ धरली, आणि बराच वेळ गेल्यावर, मान वर न करता काहीतरी म्हणाली. वसुंधरा "हं" म्हणाली. ती काय म्हणाली ते वसुंधराला माहीत आहे. सांगणाऱ्याला माहीत नाही, वाचणाऱ्याला कळणार नाही, आणि सतराव्या रकान्यात ते कधीही येणार नाही.

ते पत्र विद्यापीठाला पोचलं. पोच आहे, तिच्या तीन प्रती आहेत, एक काकांच्या उशाखाली. उत्तरासाठी कायद्याने दिलेली मुदत उलटली. ओटीवर कळ्या येतात, उन्नती येते, शाळेत स्टंप आरामात उभे आहेत. प्रश्न होता तो असा: गुपित सांगितलं तर मी या कामाला नालायक, आणि नाही सांगितलं तर माझा अर्ज अपूर्ण. मग तुमच्या दारातून आत यायचं कोणी?

उत्तर द्या. रकान्याच्या बापाने स्वतः द्यावं, नावानिशी, सहीनिशी. एका ओळीत दिलंत तरी चालेल. तीनशे शब्दांची अट आमच्याकडे नाही.